नायट्रॉक्स घ्यावा का? नुकत्याच स्कूबा शिकलेल्यांसाठी मार्गदर्शक

हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स करून पुण्याला परतले तेव्हा माझ्या लॉगबुकात जेमतेम सहा डाइव्ह होत्या. पुढच्या वर्षी मालदीवच्या सफारी बोटीचं (बोटीवरच राहून डाइव्ह करायच्या) बुकिंग करायला घेतलं आणि फॉर्ममध्ये एक चौकट आली : ‘हवा की नायट्रॉक्स?’ म्हणजे टाकीत साधी हवा घ्यायची, की जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण. विचारलं त्या प्रत्येकाने वेगळं सांगितलं. एक म्हणाला, ‘नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये.’ दुसरा म्हणाला, ‘डोळे मिटून घे, दमायला होत नाही.’ दोघांचंही अर्धंमुर्धंच खरं होतं, हे मला बरेच पैसे आणि बऱ्याच डाइव्ह खर्ची पडल्यावर कळलं. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मालवणला किंवा तारकर्लीला इन्स्ट्रक्टरने धरून पाण्याखाली फिरवून आणलं असेल, तर तो अनुभव छानच, पण ते सर्टिफिकेशन नव्हे. हा लेख ज्यांच्याकडे ओपन वॉटर कार्ड आहे किंवा लवकरच येणार आहे त्यांच्यासाठी आहे.

१. आधी स्वतःचं लॉगबुक उघडा

नायट्रॉक्सबद्दल काहीही वाचण्याआधी हे करा. प्रत्येक डाइव्हपुढे एकच नोंद करा : मी वर का आले? टाकीतली हवा संपत आली म्हणून, की डाइव्ह कॉम्प्युटरवरची नो-डेको मिनिटं (अंगात मुरणाऱ्या नायट्रोजनमुळे वाटेत सक्तीने न थांबता वर येता येईल इतका वेळ) संपत आली म्हणून?

नव्या डायव्हरच्या लॉगबुकात जवळजवळ प्रत्येक ओळीला उत्तर येतं, हवा संपली. याचं गणित सोपं आहे. साधारण टाकी ११ लिटरची, २०० बार भरलेली. ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं, म्हणजे वापरायला १५० बार, एकूण १६५० लिटर हवा. नवखा माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला २० ते २५ लिटर हवा ओढतो. अठरा मीटरवर दाब २.८ बार, म्हणजे तिथे मिनिटाला ५६ ते ७० लिटर. टाकी २३ ते २९ मिनिटांत आटोपली. आणि पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या हवेच्या तक्त्यात अठरा मीटरची नो-डेको मर्यादा किती? ५६ मिनिटं.

म्हणजे नायट्रोजनची मर्यादा जेमतेम निम्मी गाठलेली असताना तुम्ही हवेपायी वर येताय. नायट्रॉक्स वाढवतो ती नायट्रोजनची मर्यादा. टाकीतल्या लिटरमध्ये तो एका श्वासाचीही भर घालत नाही. अशा डाइव्हवर त्याचे जादा पैसे भरणं म्हणजे न वापरलेल्या मिनिटांचे पैसे भरणं.

आता हेच गणित मिनिटाला १२ लिटरवर आलेल्या शांत डायव्हरचं करा. पंचवीस मीटरवर दाब ३.५ बार, खर्च ४२ लिटर, टाकी पुरते ३९ मिनिटं. हवेच्या तक्त्याची मर्यादा मात्र २९ मिनिटं. याला हवा शिल्लक असताना वर यावं लागतं. इथे नायट्रॉक्स खरा कामाला येतो. (खरी डाइव्ह एकाच खोलीवर होत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर तक्त्यापेक्षा जास्त वेळ देतो. पण कल कळायला हा हिशेब पुरेसा आहे.)

लॉगबुकात पहिल्या प्रकारच्या ओळी भरलेल्या असतील, तर सध्या पैसे आणि लक्ष दोन्ही तरंगण्यावरचा ताबा आणि श्वास यांवर लावा. वजनपट्ट्यात दोन किलो जास्त असतील तर ते काढण्याने जेवढी मिनिटं वाढतात, तेवढी कुठल्याही गॅसने वाढत नाहीत.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि मी त्यातच मोडत होते : सफारी बोट. तिथे दिवसाला तीन-चार डाइव्ह, सलग पाच-सहा दिवस. आदल्या डाइव्हचा नायट्रोजन अंगात असतानाच पुढची उडी असते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या डाइव्हला हवेवरची नो-डेको मिनिटं झपाट्याने कमी दिसतात. शिवाय गटातले सगळे नायट्रॉक्सवर आणि तुम्ही एकट्या हवेवर असाल, तर तुमच्यासाठी बडीला, म्हणजे जोडीच्या डायव्हरलाही, लवकर उथळ यावं लागतं. अशा प्रवासाला निघणारा पंधरा-वीस डाइव्हचा डायव्हर नायट्रॉक्स शिकून गेला, तर मी त्याला शहाणाच म्हणेन.

२. आहे तरी काय

साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन, ७९ टक्के नायट्रोजन. ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलं की नायट्रॉक्स. मनोरंजनाच्या डाइव्हिंगमध्ये ३२ आणि ३६ टक्के ही दोन मिश्रणं जास्त चालतात, वरची मर्यादा ४० टक्के. ही दोन मिश्रणं अमेरिकेच्या नोआ या समुद्रविषयक सरकारी संस्थेत मॉर्गन वेल्स यांनी १९७०च्या दशकात शास्त्रज्ञ डायव्हरांसाठी रूढ केली. नोआमध्येच काम केलेले डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ पासून ती सामान्य डायव्हरांना शिकवायला सुरुवात केली. तेव्हा बराच विरोध झाला, कित्येक जण याला घातक वायू म्हणायचे. आज सफारी बोटींवर हवेतला नायट्रोजन पडद्यातून गाळून ३२ टक्क्यांचं मिश्रण बोटीवरच बनतं.

नायट्रोजन कमी श्वासात गेला की अंगात कमी मुरतो. ३२ टक्क्यांवर तीस मीटरला असाल, तर नायट्रोजनच्या दृष्टीने तुम्ही हवेवर साधारण साडेचोवीस मीटरला आहात. तक्त्यात तीस मीटरला २० मिनिटं, पंचवीसला २९. तेवढा फरक.

३. काय मिळत नाही

बोटीवरच्या गप्पांत जे चार समज ऐकू येतात, त्यातले तीन चूक आहेत आणि एक अर्धवट.

‘नायट्रॉक्सवर जास्त खोल जाता येतं.’ उलट आहे. हवेपेक्षा कमी खोल जाता येतं. का ते पुढच्या टप्प्यात.

‘टाकी जास्त वेळ पुरते.’ नाही. वर हिशेब दिलाच आहे.

‘नशा होत नाही.’ खोलीवर डोकं जड होणं, हसू येणं, साधं काम न सुचणं हा नार्कोसिस नायट्रॉक्सने टळतो यावर भरवसा ठेवू नका. दाबाखाली ऑक्सिजनही नार्कोटिक असावा असंच धरून चालतात.

‘डाइव्हनंतर थकवा येत नाही.’ हे शपथेवर सांगणारे अनुभवी लोक मला भेटलेत आणि मलाही कधी कधी तसं वाटतं. पण अठरा मीटर दाबाच्या कोरड्या चेंबरमध्ये, कोणता गॅस आहे हे न सांगता केलेल्या चाचणीत हवा आणि नायट्रॉक्स घेणाऱ्यांच्या थकव्यात फरक सापडला नाही. वाटलं तर आनंद माना, पण त्यासाठी पैसे मोजू नका.

४. ऑक्सिजनची बाजू नीट समजून घ्या

हा टप्पा घाईने वाचू नका. नवख्याला नायट्रॉक्समध्ये खरा धोका असेल, तर तो इथे आहे.

जास्त दाबाखालचा ऑक्सिजन मेंदूला विषारी ठरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच हे दाखवून दिलं होतं. परिणाम म्हणजे फिट येणं. जमिनीवर फिट आली तर माणूस बहुधा सावरतो. पाण्याखाली तोंडातून श्वास घ्यायचा रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. त्याआधी नजर आकसणं, कानात आवाज, मळमळ, ओठ-गाल फडफडणं, चिडचिड, चक्कर अशी लक्षणं येऊ शकतात, आणि यातलं काहीच न होता थेट फिटही येऊ शकते. म्हणून लक्षणांची वाट पाहायची नसते, मर्यादाच ओलांडायची नसते.

मर्यादा अशी मोजतात. ऑक्सिजनचा अंश गुणिले त्या खोलीवरचा दाब, याचं उत्तर १.४ बारच्या वर जाऊ द्यायचं नाही. १.६ ही आणीबाणीची रेघ आहे, तिथपर्यंतचं नियोजन करायचं नसतं. ३२ टक्क्यांसाठी १.४ ला ०.३२ ने भागा, ४.३७ बार येतात, म्हणजे ३३ मीटर. ३६ टक्क्यांसाठी २८ मीटर. ४० टक्क्यांसाठी २५. या आकड्याला एमओडी म्हणतात, तुमच्या टाकीचा तळ. प्रत्यक्ष समुद्राचा तळ त्याच्या खाली असला, तरी तुमचा तिथेच संपतो.

ओपन वॉटर डायव्हरची शिफारस केलेली मर्यादा १८ मीटर. तिथे ३२ टक्क्यांवर हा दाब होतो ०.९ बार, धोक्याच्या रेघेपासून चांगलाच लांब. म्हणून ‘नवशिक्याला नायट्रॉक्स म्हणजे जिवाशी खेळ’ हे सरसकट विधान मला पटत नाही. पण त्याला एक अट आहे. अठरा मीटर म्हणजे अठराच मीटर, हे तुमच्या हातात असलं पाहिजे. खाली वाळू दिसते तिथे हे सोपं जातं. मालदीवच्या कांडूत, म्हणजे प्रवाळकड्यांमधल्या खिंडीत, भिंतीलगत प्रवाह असतो आणि पायाखाली नुसता निळा रंग. शार्ककडे बघता बघता पाच-सात मीटर खाली गेल्याचं कळतसुद्धा नाही. मी स्वतः तसं गेले आहे, बडीने फिन ओढून थांबवलं. सेफ्टी स्टॉपला पाच मीटरवर तीन मिनिटं काहीही न धरता, अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वर-खाली न होता थांबता येतं का, ही माझी परीक्षा आहे. येत नसेल, तर मिश्रण बदलायची वेळ अजून आलेली नाही.

मालदीवमध्ये मनोरंजनाच्या डाइव्हला ३० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे. ३२ टक्के तिथे चपखल बसतं, तीन मीटरची जागा उरते.

५. कोर्स

नायट्रॉक्सचं वेगळं कार्ड लागतं. ते नसेल तर कुठलंही जबाबदार सेंटर तुम्हाला ती टाकी देणार नाही, आणि देत असेल तर तिथे डाइव्ह करू नका.

हा कोर्स सोपा आहे. पॅडीकडे किमान वय १२, ओपन वॉटर कार्ड हवं, पण दोन्ही एकत्रही करता येतात. थिअरी घरी ऑनलाइन होते, मग सेंटरवर टाकी तपासण्याचं आणि कॉम्प्युटर लावण्याचं प्रात्यक्षिक. पाण्यातली डाइव्ह सक्तीची नाही, पण पर्याय असेल तर कराच. एसएसआय आणि इतर संस्थांचे कोर्सही चालतात.

सोबत ठेवा :

– ओपन वॉटर कार्ड (ॲपमधलं चालतं, पण स्क्रीनशॉट काढून ठेवा, बेटावर नेटवर्कचा भरवसा नसतो)
– जन्मतारखेसह फोटो असलेलं ओळखपत्र, परदेशात पासपोर्ट
– वैद्यकीय प्रश्नावली
– लॉगबुक
– डाइव्हिंगचा विमा असेल तर त्याचा क्रमांक (साधा प्रवास विमा घेतला असेल, तर त्यात स्कूबा आणि त्याची खोली धरली आहे का ते वाचा)
– नायट्रॉक्सची सोय असलेला कॉम्प्युटर, स्वतःचा किंवा भाड्याचा
– कागदी चिकटपट्टी आणि जाड मार्कर

यातली वैद्यकीय प्रश्नावली लोकांना अडकवते. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन अशा बाबतींत ‘हो’ आलं की डॉक्टरांची लेखी परवानगी लागू शकते. बेटावर ऐनवेळी डॉक्टर शोधणं कठीण. फॉर्म आधी मागवून घरीच वाचा आणि गरज असेल तर निघण्यापूर्वी सही घ्या. खोटं ‘नाही’ लिहून मोकळं होऊ नका, किंमत पाण्याखाली मोजावी लागते.

६. टाकी स्वतः तपासा, प्रत्येक वेळी

नायट्रॉक्सच्या टाकीवर हिरवा-पिवळा पट्टा असतो. पट्टा आत काय आहे ते सांगत नाही, ते ऑक्सिजन मोजणारा ॲनालायझर सांगतो.

पद्धत अशी. ॲनालायझर आधी साध्या हवेवर लावून २०.९ दाखवतोय याची खात्री करा, नसेल तर बटण फिरवून आणा. टाकीच्या झडपेचं तोंड कोरड्या फडक्याने पुसा. झडप अगदी किंचित उघडा, जोराचा फूत्कार नको, बारीक सुस्कारा ऐकू आला पाहिजे. ॲनालायझरचं तोंड त्यावर टेकवा आणि थांबा. आकडा चढत जातो, २६, २९, ३१.२, ३१.७. इथेच बहुतेक जण ‘बत्तीस’ म्हणून उठतात. तुम्ही उठू नका. आकडा एकाच जागी स्थिर होईपर्यंत धरून ठेवा, अर्धा मिनिट लागतो. मग झडप बंद करा.

पट्टीवर लिहा : टक्केवारी, एमओडी मीटरमध्ये, तारीख, दाब, आपलं नाव. तीच नोंद बोटीच्या वहीत करून सही करा. सही तुमची, कारण श्वास तुमचा.

हे का करायचं त्याचं एक उदाहरण देते. एका बोटीवर सकाळच्या पहिल्या डाइव्हआधी सगळ्या टाक्यांवर ३२ लिहिलेलं होतं. तीस मीटरचं नियोजन. माझ्या टाकीवर आकडा ३२ ला थांबेना. ३३, ३४, शेवटी ३५.६. ॲनालायझर बिघडला असेल म्हणून पुन्हा हवेवर लावला, बरोबर २०.९. दुसऱ्या ॲनालायझरनेही तेच. ३६ धरलं तर माझा तळ २८ मीटर, म्हणजे नियोजनापेक्षा दोन मीटर वरच. रात्रीच्या कुठल्या तरी भरण्यात टाकी इकडची तिकडे झाली होती. बोटीवरच्यांनी तक्रार न करता टाकी बदलून दिली. पण त्या दिवशी आठपैकी तिघांनी तपासलंच नव्हतं, वहीत नुसती सही ठोकली होती, हे मी विसरलेले नाही.

आपल्याकडे संकोच हा मोठा शत्रू आहे. डाइव्ह मास्टर घाईत असतो, बाकीचे अंगावर बीसीडी (तरंगण्यासाठीचं हवेचं जाकीट) चढवून बसलेले असतात, आणि ‘माझ्यामुळे उशीर नको’ असं वाटतं. होऊ द्या उशीर.

७. कॉम्प्युटरला सांगा

टाकी तपासल्यावर लगेच, पाण्यात जाण्याआधी, कॉम्प्युटरवर टक्केवारी आणि १.४ ची मर्यादा लावा. बडीने एकमेकांच्या पट्टीवरचा आणि कॉम्प्युटरवरचा आकडा मोठ्याने वाचायचा. आम्ही हे आता न चुकता करतो.

सापळा उलट बाजूलाही आहे. मालदीवहून आल्यावर काही महिन्यांनी मी मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला गेले. तिथे साधी हवा. चौदा मीटरवर कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘३२’ दिसलं आणि पोटात खड्डा पडला. तो समजत होता की मी नायट्रॉक्स घेतेय, म्हणून नायट्रोजन कमी मोजत होता आणि दाखवत होता ती मिनिटं खोटी होती. पाण्याखाली मिश्रण बदलता येत नव्हतं. बडीला खूण केली, दोघं उथळ आलो, पाच मीटरवर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलो आणि वर आलो. कॉम्प्युटरचा हिशेब बिघडलेला असल्याने त्या दिवशीची दुसरी डाइव्ह मी सोडली. काही कॉम्प्युटर डाइव्हनंतर आपोआप हवेवर परततात, काही शेवटचं मिश्रण धरून ठेवतात. तुमचा कुठला, ते माहितीपुस्तिकेत पाहून ठेवा.

टाकी नायट्रॉक्सची आणि कॉम्प्युटर मुद्दाम हवेवर ठेवण्याची एक पद्धत आहे. वेळ हवेचाच मिळतो, पण अंगात नायट्रोजन कमी जातो, म्हणून सुरक्षिततेची जागा वाढते. वय झालेले किंवा दिवसाला चार डाइव्ह करणारे ती वापरतात. मला ती आवडते, पण नवख्यांनी लक्षात ठेवावं की मग खोलीचा इशारा कॉम्प्युटर देणार नाही. एमओडी डोक्यात ठेवायचा, किंवा पाटीवर लिहून हाताला बांधायचा.

८. पाण्यात आणि परतीच्या वाटेवर

पाण्यात वेगळं काही करायचं नाही. वर येण्याचा वेग तोच, सेफ्टी स्टॉप तोच. विमानाचे नियमही नायट्रॉक्समुळे कमी होत नाहीत : एकच नो-डेको डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर १८. मी २४ ठेवते. अंदमानात शेवटचा दिवस बेट पाहण्यासाठी राखून ठेवला की हा प्रश्नच येत नाही.

९. बुकिंगआधी सेंटरला विचारायचे प्रश्न

नायट्रॉक्स रोज मिळतो की मागणीनुसार? कुठल्या टक्क्याचा? टाकीमागे जादा किती, की पॅकेजमध्येच? माझ्या गटातले बाकीचे कशावर असतील? ज्या जागांवर नेणार त्यांची खोली किती? सगळ्या डाइव्ह बारा-चौदा मीटरच्या असतील, तर जादा पैसे भरू नका, बारा मीटरला हवेच्या तक्त्यात १४७ मिनिटं मिळतात.

आणि शेवटचा प्रश्न : ॲनालायझर आहे का, आणि माझी टाकी मी स्वतः तपासू शकते ना? ‘त्याची गरज नाही, आम्ही तपासलेली असते’ असं उत्तर आलं, तर तिथे हवेवरच डाइव्ह करा किंवा दुसरं सेंटर शोधा.